कारणाच्या रकान्यात लिहिलेले दोन शब्द

दापोड्याच्या एका गोदामात मी सहा वर्षं नोंदी ठेवल्या. तिथल्या एका अहवालात, कारणाच्या रकान्यात, मी ‘तांत्रिक अडचण’ असे दोन शब्द लिहिले होते. ते खोटे होते. चूक माझी होती, आणि तिच्यापायी एका मुकादमावर चोरीचा ठपका बसला. तो ठपका पुसायची संधी मला अहवाल लिहिला त्याच दिवशी मिळाली होती. मी ती घेतली नाही.

आमचं घर खारबावचं. दापोड्याच्या बाजूला भाताची थोडी शेती होती, तिच्यावर आता पत्र्याची गोदामं आहेत. जागा कंपनीला भाड्याने दिली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी द्यायची असं ठरलं होतं. मुलांनी नाक मुरडलं, म्हणून मी गेलो. त्याआधी तीस वर्षं यंत्रमागाच्या एका कारखान्यात मी मेहताजी, म्हणजे हिशेबनीस होतो. ताग्यांची वही माझ्याकडे असे. अक्षर वळणदार, आणि माझ्या वहीत खाडाखोड सापडायची नाही, असा माझा लौकिक होता. निदान मी तसं सांगत असे.

गोदामात घरगुती वापराची यंत्रं यायची. मिक्सर, पंखे, इस्त्र्या. माल उतरवायचं काम एका टोळीकडे होतं. तिचा मुकादम वज्रेश्वरीच्या अलीकडच्या एका खेड्यातला, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. शाळेत दोन इयत्ता गेलेला. आकडे वाचता येत, अक्षरं फारशी नाहीत. मात्र कुठल्या गाळ्यात काय पडलंय हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं.

त्याची एक पद्धत होती. सणासुदीच्या आधी माल इतका यायचा की त्याच्या ठरल्या मांडणीवर जागा उरत नसे. मग तो दुसरीकडे कुठेतरी ठेवावा लागे. असा जागा सोडून ठेवलेला माल असला की मुकादम खोक्यांवर खडूने एक मोठा गोल काढायचा.

“हा गोल कसला?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“पावना हाय दादा तो,” तो म्हणाला. “आपल्या घरी गेला का गोल पुसायचा. पावन्याला पावना म्हनून वलखला पायजे, न्हाय तर कोनपन घरातलाच समजून बसंल.”

मला ते आवडलं. मी माझ्या वहीत तसल्या मालाच्या लॉट नंबरापुढे एक शून्य लिहू लागलो. ६१७ नंबरचा लॉट जागेवर असेल तर ६१७, दुसरीकडे असेल तर ०६१७. जागेवर गेला की शून्यावर काट. तो खडूने गोल काढायचा आणि मी शाईने. त्याला अक्षरं येत नसली तरी वहीतलं ते शून्य तो बोट ठेवून दाखवायचा, आणि टोळीतल्या माणसांना सांगायचा, “बघा, दादांनी आपला गोल वहीन घेतला.”

मग कंपनीने वह्या बंद केल्या. सगळ्या नोंदी क्लाउडवर जाणार असं सांगितलं. पुण्याहून एक मॅडम दोन दिवसांसाठी आल्या. माझ्या धाकट्या सुनेच्या वयाच्या होत्या, बोलायला नीट, समजावून सांगायचा कंटाळा नव्हता. मुकादमाने दारातून विचारलं, “ढगान ठेवतात म्हनं आपला हिशेब. पावसाल्यान गलनार न्हाय ना?” मॅडम हसल्या. “गळणार नाही काका, पण हरवू शकतं,” असं त्या म्हणाल्या. आम्हीही हसलो.

त्यांनी सांगितलेली गोष्ट मी त्या वेळी कागदावर उतरवून घेतली होती. तो कागद अजून आहे, त्यामुळे मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. जुन्या पद्धतीच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार आधी ठरलेला असतो. इथे आकडे, तिथे मजकूर. या नव्या पद्धतीत, ज्याला त्या नो-एसक्यूएल म्हणत, फक्त मुख्य किल्लीचा प्रकार ठरलेला असतो. आमच्याकडे ती किल्ली म्हणजे नोंद क्रमांक. बाकीच्या रकान्यांत एका नोंदीत संख्या आणि दुसऱ्या नोंदीत मजकूर असला तरी ते मुकाट ठेवून घेतं.

पहिल्या आठवड्यातच मला लाल ओळ दिसली. नोंद क्रमांक टाकून जुनी नोंद शोधत होतो. पडद्यावर इंग्रजीत आलं, प्रकार जुळत नाही. मी मॅडमना फोन लावला.

“काका, नोंद क्रमांक आपण मजकूर म्हणून ठेवलाय. तुम्ही तो संख्या म्हणून मागताय. शेजारी छोटी यादी आहे ना, तिच्यात ‘मजकूर’ निवडा आणि परत शोधा.”

निवडलं. नोंद आली. त्यानंतर लाल ओळ कुणालाही दिसली की मला हाक येई. मी जाऊन यादीतून प्रकार बदलायचो आणि ओळ जायची. मॅनेजर म्हणाला, “काका तर इंजिनिअर झाले.” साठी उलटलेल्या माणसाला असं काही ऐकायला मिळालं की तो फुगतो. मीही फुगलो. घरी सांगितलं, खारबावच्या स्टेशनवर चहा पिताना सांगितलं.

अडचण माझ्या शून्याची झाली. लॉट नंबर संख्या म्हणून टाकला की यंत्र पुढचं शून्य खाऊन टाकी. ०६१७ लिहावं आणि ६१७ उमटावं. संख्येला पुढच्या शून्याची किंमत नसते हे मलाही कळत होतं. पण आमच्यासाठी ते शून्य म्हणजे पाहुण्याची खूण होती. मी यादीतून ‘मजकूर’ निवडलं. शून्य राहिलं.

मॅडमच्या ते लक्षात आलं. त्यांचा फोन आला. “काका, स्कॅनरवरून येणारे लॉट नंबर संख्या म्हणून जातात. तुम्ही हाताने टाकता ते मजकूर म्हणून जातायत. एकाच रकान्यात दोन प्रकार नका ठेवू. किल्लीत चूक झाली तर ते लाल ओळ दाखवतं. इथे काहीच दाखवणार नाही. तुम्ही ६१७ ही संख्या शोधलीत तर मजकुरातली ०६१७ त्याच्या लेखी नाहीच. एरर येणार नाही. नोंद दिसणारच नाही, एवढंच. त्यापेक्षा ‘तात्पुरती जागा’ असा वेगळा रकाना देते करून, कधी करू तेवढं कळवा.”

मी हो म्हटलं. आणि कळवलं नाही. वेगळा रकाना भरायचा म्हणजे आणखी एक काम, आणि माझी पद्धत कुणा मुलीने दुरुस्त करायची हेही मनाला लागलं होतं. वर्षभर काही बिघडलं नाही, कारण गोल काढलेला माल कुणी यंत्रात शोधतच नसे. मुकादमाला हाक मारायचे. तो सांगायचा.

त्या साली दिवाळीच्या आधी चाळीस मिक्सरांचा एक लॉट आला. नंबर ६१७. जागा नव्हती. मुकादमाने तो रस्त्यापलीकडच्या, उसन्या घेतलेल्या गाळ्यात नेऊन ठेवला, गोल काढले, मला सांगितलं. मी नोंद केली, शून्यासकट. पुढे तो गावच्या कार्याला चार दिवस गेला. त्याच चार दिवसांत पलीकडच्या गाळेवाल्याने जागा परत मागितली. बदली टोळीने माल आमच्या मागच्या जुन्या गाळ्यात आणून ताडपत्रीखाली ठेवला. तीही नोंद मीच केली, शून्यासकट. परत आल्यावर मुकादमाला मी ते सांगायला हवं होतं. विसरलो.

दोन महिन्यांनी मालाच्या मालक कंपनीचा माणूस तपासणीला आला. ६१७ सापडेना. मॅनेजरने मला बसवलं. मी लॉट नंबर टाकला, यादीत संख्या निवडलेलीच असे, आणि शोध घेतला. एक नोंद आली. माल दारात आला तेव्हा स्कॅनरवरून झालेली: चाळीस खोकी आत आली, ठरलेली जागा बारावी मांडणी. त्यानंतर ती हलवल्याची एकही नोंद नाही. बाराव्या मांडणीवर दुसराच माल होता.

मुकादमाला बोलावलं. तो म्हणाला, “पलीकडल्या गाल्यान हाय. गोल मारलाय मी.”

सगळे पलीकडे गेलो. गाळा रिकामा होता. झाडून ठेवलेला.

मुकादम माझ्याकडे वळला. “दादा, मी सांगलं व्हतं तुमाला. तुमी लिवलाय. बघा ना परत.”

मी परत बघितलं. तीच नोंद. लाल ओळ नव्हती, म्हणजे चूक नाही, असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर मला अंधुकसं आठवत होतं. हा माल पलीकडे नेल्याचं त्याने मला सांगितलं होतं, मी मान हलवली होती; गाळा परत केला तेव्हा तो कुठे हलवला, ते मात्र डोक्यातून गेलं होतं. पण दिवसाला दीड-दोनशे नोंदी करणाऱ्या माणसाला एकेक कुठून आठवणार, असं मी स्वतःला समजावलं. आणि मॅनेजर, तो तपासणीवाला, दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. इंजिनिअर काका काय सांगतात ते.

“माझ्याकडे नोंद नाही,” मी म्हणालो.

“नीट बघा दादा.”

“सिस्टिम खोटं बोलत नाही, मुकादम.”

हे वाक्य मी उच्चारलं आहे. कुणाकडून ऐकलेलं नाही, माझंच आहे.

त्याला वाटलं असावं, दादा सांगतायत म्हणजे असेल. मॅनेजर म्हणाला, माल पलीकडे नेला असं तूच सांगतोस, तिथे तो नाही, आणि नेल्याची नोंदही नाही. मग गेला कुठे? माल मागच्या गाळ्यात आणल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. पोलिसांत द्यायचं नाही असं ठरलं, ते उपकार केल्यासारखं त्याला ऐकवलं गेलं. दुपारी त्याची टोळी बंद झाली. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो फाटकाजवळच्या भिंतीवर लागला, खाली ‘प्रवेश बंद’. तोच फोटो मोबाइलवरून आजूबाजूच्या गोदामांच्या ग्रुपवर गेला.

जाताना तो माझ्या टेबलाशी आला. गमछा खांद्यावर होता, हातात डबा. म्हणाला, “दादा, वहीन असता तर गावला असता.”

मी वर बघितलं नाही. काहीतरी टाइप करत राहिलो.

नवी टोळी आली. माणसं कामाची होती, पण गोल काढलेला माल कुठे आहे हे त्यांना कोण सांगणार? तीन आठवड्यांनी गाडी दारात उभी होती आणि पंख्यांचा एक लॉट हवा होता. तो दुसरीकडे ठेवल्याची नोंद मी त्याच सकाळी केली होती. शोधलं. काही नाही. परत शोधलं. सकाळी मीच टाकलेली नोंद दुपारी नाही म्हणजे काय? तेव्हा मॅडमचं बोलणं आठवलं. मी यादीतून ‘मजकूर’ निवडलं, नंबरापुढे शून्य लावलं. नोंद समोर आली.

पंख्यांची गाडी भरून गेली. मग मी दार लोटून घेतलं आणि ०६१७ टाकलं. मजकूर.

दोन नोंदी आल्या. एक पलीकडच्या गाळ्याची. एक मागच्या जुन्या गाळ्याची, ताडपत्रीखाली. दोन्हींच्या शेवटी नोंद करणाऱ्याचं नाव असतं. माझं होतं.

मी एकटाच मागच्या गाळ्यात गेलो. निळी ताडपत्री उचलली. चाळीस खोकी होती. धूळ बसली होती, तरी खडूचे गोल दिसत होते. मुकादमाचा गोल कधी नीट मिटत नसे, शेवटी थोडी फट राहायची. सगळ्यांवर ती फट होती.

मॅडमना फोन केला, मुकादमाचं सोडून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असं सगळीकडे होतं काका. त्यांनी एका दुपारी सगळे लॉट नंबर मजकुरात बदलले, माझ्या शून्यांचा वेगळा रकाना केला, शोधतानाही प्रकार मजकूरच राहील असं बांधून टाकलं. संध्याकाळी फोन आला, “झालं दुरुस्त. आता चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही.” एवढंच काम होतं ते. एका दुपारचं.

मॅनेजर खूश झाला. माल सापडला, मालक कंपनीसमोर मान राहिली. त्याने मला अहवाल भरायला दिला. माल कधी सापडला, कुठे सापडला, आणि शेवटचा रकाना, न सापडण्याचं कारण. ‘नोंद चुकीच्या प्रकारात केली, नोंद करणाऱ्याची चूक’ एवढं लिहायचं होतं. मग म्हणतील, म्हाताऱ्याला जमत नाही. मग नोकरीवर घरातल्या दुसऱ्याला पाठवा म्हणतील. मी ‘तांत्रिक अडचण’ लिहिलं. ते कुणालाच टोचत नाही, कुणी पुढे विचारत नाही.

मॅनेजरने मात्र विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “काका, मग तो मुकादम? बोलवायचं का त्याला?”

मी म्हणालो, “नवी टोळी बरी चाललीय. आता कशाला उकरायचं?”

मॅनेजरने मान हलवली. त्याला तरी कुठे हवं होतं. यंत्रातली चूक शोधताना यंत्र मला प्रकार विचारत होतं. इथे मला माणसाने माणसाबद्दल विचारलं होतं, सरळ मराठीत, आणि उत्तर मला ठाऊक होतं. माझ्याकडून झालेली खरी चूक ही. आधीच्या चुकीला विसराळूपणा म्हणता येईल. हिला म्हणता येत नाही.

भिंतीवरचा फोटो तसाच राहिला. तो कुठल्या डेटाबेसमध्ये नव्हता, खळीने चिकटवलेला कागद होता. रोज सकाळी मी त्याच्याजवळून आत जायचो.

नोकरी सुटून दोन वर्षं झाल्यावर, या वर्षी, मी वज्रेश्वरीची एसटी धरली. तो देवळाजवळ कुणाच्या तरी ओटीच्या सामानाच्या दुकानात बसतो असं कळलं होतं. होता. केस पूर्ण पांढरे. नारळांच्या शेंड्या काढत होता. मला बघून उठला नाही.

“बसा दादा,” म्हणाला. स्टूल पायाने पुढे सरकवलं.

मी सगळं सांगितलं. शून्य, मजकूर, संख्या, ताडपत्री. मध्ये गिऱ्हाइकं येत होती. तो त्यांना नारळ देत होता आणि मी थांबत होतो. संपल्यावर तो म्हणाला, “मना ठावं हाय. माल गावला ते आठ दिवसांनी कललं. नव्या टोलीतला एक आमच्याच गावचा व्हता.”

“मग आला का नाहीस?”

“मी कशाला येनार? चोर म्हनून भाईर काडलेला मानूस मी. तुमचा फोन येल म्हनून वाट बगितली. आज येल, उद्या येल. तुमच्याकडं नंबर व्हता माजा.”

होता. अजूनही आहे.

“कंचंच गोदाम घेत न्हवतं. फोटू बगायचे मोबाइलवर आन मंग नको म्हनायचे. टोली फुटली. पोरं दुसऱ्याच्या हाताखाली गेली. माज्या हाताखालची पोरं, आन तीच मना बगून रस्ता बदलायची.” त्याने शेंड्यांचा ढीग बाजूला लोटला. “तुमाला वाटलं आसंल, इसरला आसंल.”

मी खिशातून कागद काढला. घरून लिहून नेला होता, माझ्या वळणदार अक्षरात, खाली सही. त्याने तो हातात घेतला नाही. “वाचा,” म्हणाला. मी वाचला. “मोट्यांदा वाचा.” परत वाचला. दुकानासमोर दर्शनाला आलेली दोन माणसं थांबली आणि काही न कळून पुढे गेली.

मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो परत माझ्याकडे सरकवला.

“मना कशाला देता? मना तर ठावंच हाय मी चोरी न्हाय केली. जितं माजा फोटू लावला, तितं लावा.”

दुसऱ्या दिवशी मी दापोड्याला गेलो. गोदामात आता दुसरी कंपनी आहे. जुना मॅनेजर कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. जुन्या नोंदी मिटवल्या, असं आतल्या माणसाने सांगितलं. म्हणजे माझी ती दोन शब्दांची ओळही गेली, आणि दुरुस्त करायलाही काही उरलं नाही. फाटकाजवळच्या भिंतीला नवा रंग होता. रखवालदाराला मी कागद दाखवला, लावू दे म्हटलं.

“चाचा, बिना परमिशन के नहीं लगेगा.”

“ये जमीन मेरी है,” मी म्हणालो. असं याआधी मी तिथे कधी म्हटलं नव्हतं.

“जमीन आपकी होगी चाचा. गेट कंपनी का है.”

मालाच्या गाड्या आत जात होत्या, रखवालदार मला बाजूला व्हा म्हणत होता. कागद परत खिशात ठेवला. तो अजून लागलेला नाही. मी आठवड्याला एक फेरी मारतो, परवानगीचा अर्ज दिला आहे, त्याला उत्तर नाही. तो लागेपर्यंत त्यावर लिहिलेलं इथे देतो.

‘लॉट ०६१७, मिक्सर, खोकी चाळीस. मुकादमाने हा माल उसन्या गाळ्यात नीट ठेवला, खूण केली आणि मला वेळेवर सांगितलं. त्याच्या गैरहजेरीत तो दुसऱ्या गाळ्यात हलवला, हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. दोन्ही नोंदी मी चुकीच्या प्रकारात केल्या आणि चुकीच्या प्रकारात शोधल्या. माल पूर्ण सापडला. सापडल्यावर त्याला परत बोलवायचं का असं मला विचारलं गेलं, तेव्हा मी नको म्हणालो. कारण: मला माझी चूक लपवायची होती.’